फाटकासमोरची साधना

सकाळचे साडेसात वाजले आहेत. तुम्ही नुकतेच ध्यानातून उठला आहात. श्वास संथ आहे, मन प्रसन्न आहे. मुलीला शाळेत सोडायचे म्हणून गाडीची किल्ली घेऊन बाहेर येता, तर शेजाऱ्यांची गाडी नेमकी वाटेत उभी. कालही होती, परवाही होती. वीस मिनिटांच्या ध्यानाने मिळालेली शांती वीस सेकंदांत निघून जाते. तुम्ही हॉर्नवर हात ठेवता आणि तो उचलत नाही.

बेंगळुरूमध्ये घर असलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. या शहरात घरांच्या जागा ठरावीक मापाच्या असतात, तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ. जमिनीचा भाव चौरस फुटाने बोलला जातो, त्यामुळे सहा इंचही कोणी सहज सोडत नाही. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. गावाकडे याच प्रश्नाला बांधाचे भांडण म्हणतात. रूप वेगळे असले तरी मूळ एकच आहे : माझे कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते?

आज आपण एक उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करू. समजा, चाळीस बाय साठची एक जागा जुन्या मालकाने दोन भाग करून विकली. पुढचा भाग तुम्ही घेतला, मागचा दुसऱ्या कुटुंबाने. मागच्या घराला रस्त्यावर येण्यासाठी तुमच्या घराच्या कडेने आठ फुटांची वाट ठेवली आहे. कागदोपत्री ती जागा तुमची, आणि तिच्यातून ये-जा करण्याचा हक्क त्यांना. तुमच्या पार्किंगचे तोंडही याच वाटेत उघडते. सुरुवातीला त्यांच्याकडे स्कूटर होती, आता कार आली आहे. ती रात्री वाटेतच उभी राहते. शिवाय वळण घेताना तिचे चाक तुमच्या बागेच्या फूटभर कडेवरून जाते. तुम्ही हौसेने लावलेली जास्वंद दोनदा मोडली आहे.

अशा वेळी साधना करणाऱ्या माणसाने काय करावे?

दोन सोपी उत्तरे

पहिले उत्तर मनात लगेच येते : "जाऊ दे. आपण शांतीच्या मार्गावर आहोत. फूटभर जमिनीसाठी कशाला भांडायचे?" दुसरेही तितकेच लवकर येते : "अन्याय सहन करणे हाही दोषच. उद्याच गवंडी बोलावतो आणि वाटेच्या कडेला खांब उभा करतो. मग बघू गाडी कशी नेतात ते."

दोन्ही उत्तरे ऐकायला बरी वाटतात. पण नीट पाहिले तर दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हींत आपण शेजाऱ्यांशी एक शब्दही बोललेलो नाही.

"जाऊ दे" म्हणून गप्प बसलेला माणूस खरोखर शांत असतो का? स्वतःलाच विचारून पाहा. तुम्ही गप्प बसलात, पण रात्री जेवताना विषय निघाला. रविवारी भाऊ आला, त्यालाही सांगितले. शेजाऱ्यांनी सणाला पाठवलेला खाऊ घेतला, पण चेहऱ्यावर हसू आले नाही. शेजाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही हरकत घेतली नाही, म्हणजे तुमची हरकत नाही. तुमच्या दृष्टीने मात्र त्यांच्या खात्यावर रोज एक गुन्हा जमा होतो आहे. सहा महिन्यांनी एखाद्या सकाळी तो सगळा हिशेब एकदम बाहेर येतो, आणि समोरचा माणूस थक्क होऊन पाहत राहतो. गाडी काढा म्हणायला आलेला शेजारी आपल्या आईवडिलांपर्यंत का पोहोचला, हे त्याला कळत नाही.

मौन आणि क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा केल्यावर मन हलके होते. नुसते मौन धरल्यावर ते जड होत जाते.

कायदा काय शिकवतो

गंमत अशी की हीच गोष्ट कायद्यालाही ठाऊक आहे. आपल्या देशात १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी, उजेड, वारा मिळण्याचे हक्क त्यात सांगितले आहेत. आपल्याकडचा त्यासाठीचा जुना शब्द 'वहिवाट'. एखाद्याने तुमच्या जागेतली वाट वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि आपला हक्क समजून वापरली, तर त्या वाटेवर त्याचा कायदेशीर हक्क निर्माण होऊ शकतो. कुणी कुंपण सरकवून तुमची जागाच मालकासारखी ताब्यात ठेवली आणि बारा वर्षे तुम्ही काही केले नाही, तर ती परत मिळवण्याचा तुमचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो.

म्हणजे वर्षानुवर्षे बाळगलेल्या मौनाला कायदा औदार्य समजत नाही. मालकाने आपल्या हक्काची काळजी घेतली नाही, असा त्याचा अर्थ लावतो.

इथे तुमच्या मनात भीती येईल : "म्हणजे आज वापरू दिले तर उद्या ते मालक होणार. तर मग अडवलेलेच बरे." पुष्कळ चांगली माणसे याच भीतीमुळे कठोर होतात. पण त्याच कायद्याने दुसरी वाटही दाखवली आहे. तुम्ही स्वतः परवानगी देऊन जो वापर करू दिला, तो कितीही वर्षे चालला तरी परवानगीच राहतो. वीस वर्षांचा नियम त्याला लागू होत नाही, कारण तो वापर हक्क म्हणून झालेला नसतो. काळजी एकच घ्यायची. त्या परवानगीच्या भरवशावर शेजाऱ्यांनी खर्च करून पक्के बांधकाम केले, तर परवानगी मागे घेणे अवघड होते. म्हणून 'गाडी वळवा, पण काँक्रीट घालू नका', हे आधीच स्पष्ट सांगावे.

पाहा, किती सुंदर गोष्ट आहे! जे उघडपणे दिले ते तुमचेच राहते, आणि जे मनात कुढत सहन केले ते हातचे जाऊ शकते. कायद्याच्या रुक्ष भाषेत सांगितलेले हे सूत्र मनालाही तसेच लागू पडते. म्हणून द्यायचे असेल तर बोलून द्या, आणि द्यायचे नसेल तर तेही बोला.

तीन मोजण्या

बोलायला जाण्यापूर्वी घरी बसून तीन मोजण्या कराव्यात.

पहिली मोजणी हक्काची. खरेदीखत काढा. त्यातली चतुःसीमा वाचा. कर्नाटकातल्या दस्तांत तिला 'चक्कुबंदी' म्हणतात. सोबतचा नकाशा पाहा. पुष्कळदा आपण ज्याला 'माझे' म्हणून भांडत असतो, ते कागदावर आपले नसतेच. कधी उलटही असते. कागद स्पष्ट नसेल तर सरकारी मोजणी करून घ्यावी, आणि शक्य असेल तर दोन्ही घरांनी मिळून अर्ज करावा. घरातल्या टेपने एकट्याने केलेली मोजणी समोरच्याला कधीच पटत नाही. आपल्या उदाहरणात कागद असे सांगतो की शेजाऱ्यांना ये-जा करण्याचा हक्क आहे. ये-जा करणे म्हणजे गाडी रात्रभर उभी करणे नव्हे. इथे तुमची बाजू बळकट आहे.

दुसरी मोजणी गरजेची. मागच्या घरात ऐंशी वर्षांच्या अज्जी आहेत. मध्यरात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले तर गाडी दारापर्यंत यायला हवी. कायदाही गरजेला मान देतो. एकच जमीन विभागली गेली आणि एका तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच उरली नाही, तर शेजारच्या तुकड्यातून वाट मिळण्याचा हक्क त्याला गरजेपोटी मिळतो. त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही. गरज संपली की तो हक्कही संपतो. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार शेतात जायला बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतात, त्यामागेही हाच विचार आहे. शेत आहे पण शेतात जायला वाट नाही, असे होऊ नये. 'माझी जमीन, माझी मर्जी' ही कल्पना आपल्याला वाटते तितकी पक्की कधीच नव्हती.

तिसरी मोजणी मानाची, आणि ती सर्वांत कठीण. प्रामाणिकपणे विचारा : मला नक्की काय दुखते आहे? पाच मिनिटांचा उशीर? मोडलेली जास्वंद? की "त्यांनी मला विचारायला हवे होते" हे? अनेकदा उत्तर तिसरेच असते. ते आले तर लाजू नका. मान दुखावणे हेही खरेच दुखणे आहे. पण त्यावरचा उपाय मोजणीच्या साखळीत नाही. मानाचे दुखणे आपण जमिनीच्या भाषेत मांडू लागलो, की किती इंच मिळाले तरी ते भरत नाही.

तिन्ही मोजण्या झाल्या की चित्र स्वच्छ होते. वाटेत गाडी उभी करणे थांबायला हवे, कारण त्याने तुमची रोजची वाट अडते. बागेची फूटभर कडा मात्र तुम्ही देऊ शकता, कारण त्यांची गरज खरी आहे आणि तुमचे फारसे काही जात नाही. जास्वंद दोन फूट अलीकडे लावता येईल.

देणे आणि लिहून देणे

नातेसंबंधात कागद कशाला, असे आपल्याकडे वाटते. लिहून मागितले म्हणजे अविश्वास दाखवला, असा समज आहे. या ठिकाणी विनोबांचे भूदान आठवावे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी विनोबांकडे जमीन मागितली, आणि त्याच सभेत एका जमीनदाराने उठून शंभर एकर देऊ केले. त्यातून देशभराची चळवळ उभी राहिली. इतक्या मोठ्या भावनेच्या कार्यातही विनोबांचे सहकारी दानपत्र भरून घेत. पुढे जिथे नोंदी आणि हस्तांतर नीट झाले नाही, तिथे दिलेली जमीनही वर्षानुवर्षे भूमिहीनाच्या हाती पडली नाही. देणाऱ्याचे मन मोठे होते, पण ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचायला कागद लागला.

आपली फूटभर कडाही तशीच आहे. आज तुम्ही आणि शेजारी एकमेकांना समजून घ्याल. वीस वर्षांनी तुमची मुले परदेशात असतील, त्यांचे घर दुसऱ्या कुणी विकत घेतलेले असेल. तेव्हा कोण कोणाला काय बोलले हे कुणालाच माहीत नसेल. एका कागदावर चार ओळी लिहा : बागेच्या कडेवरून गाडी वळवायला आमची परवानगी आहे, तिथे पक्के बांधकाम करू नये, वाटेत गाडी उभी करू नये. दोघांनी सही करा आणि तारीख घाला. हा कागद नात्यावरचा अविश्वास नाही. तुमच्या मुलांना भांडण वारसाहक्काने मिळू नये, म्हणून केलेली ती तरतूद आहे.

ऐकलेच नाही तर?

आता खरा कठीण प्रश्न. तुम्ही बोललात, नम्रपणे बोललात, दोनदा बोललात. तरी गाडी तिथेच. तेव्हा?

महाभारतात पांडवांनी अखेरीस पाचच गावे मागितली होती. दुर्योधन सुईच्या अग्राएवढीही जमीन द्यायला तयार झाला नाही. ही कथा आपण दुर्योधनाच्या लोभाची म्हणून सांगतो, पण तिची दुसरी बाजूही पाहावी. श्रीकृष्ण आधी शिष्टाईला गेले. मागणी कमीत कमी केली. सर्वांसमक्ष केली. आणि नकार आल्यावर हक्क सोडून दिला नाही. नम्रता आणि आग्रह एकाच माणसात नांदू शकतात.

म्हणून पायऱ्या चढाव्यात, पण एकेक करून. प्रथम दोघांनाही मान्य असेल अशी एखादी वडीलधारी व्यक्ती. मग वस्तीतली रहिवासी संघटना. त्यानंतर मध्यस्थी. बेंगळुरूमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली २००७ पासून मध्यस्थी केंद्र चालते. न्यायालयाने पाठवलेल्या खटल्यांत तिथे प्रशिक्षित मध्यस्थ दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते. महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम गावातच तंटे मिटावेत, या विचाराने उभी राहिली. हे सर्व करूनही काही झाले नाही, तर दिवाणी न्यायालयात जाण्यात कमीपणा नाही.

एकच पथ्य पाळावे. कायदा हातात घेऊ नये. टायरमधली हवा सोडणे, रात्रीत खांब उभा करणे, फाटकाला कुलूप लावणे, मुलांचे एकत्र खेळणे बंद करणे, यांतले काहीही करू नये. वाटेचा प्रश्न वाटेपुरताच ठेवावा. दावा चालू असतानाही अज्जींची तब्येत विचारता आली, तर समजावे की साधना चालू आहे.

आणि जिंकलात तर? तरुण वकील मोहनदास गांधी १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रतिपक्ष दादा अब्दुल्ला यांचाच नातलग होता. खटला लांबला तर दोघेही धुळीला मिळतील हे पाहून गांधींनी लवादाचा मार्ग पटवला. दादा अब्दुल्ला जिंकले. रक्कम मोठी होती, सुमारे सदतीस हजार पौंड आणि वर खर्च. ती एकरकमी भरावी लागली असती, तर हरलेल्याचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधींनी आपल्याच अशिलाला समजावले आणि पैसे दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घ्यायला लावले. लवाद पटवण्यापेक्षा हे काम कठीण होते, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. हक्क सिद्ध झाल्यानंतर थोडे सोडणे, हे भीतीपोटी सोडण्याहून फार वेगळे असते.

भाषेचे कुंपण

बेंगळुरूमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक जपणूक करावी लागते. भांडण वाढले की घरात एखादे वाक्य हळूच येते : "ही माणसं अशीच." बाहेरून प्रत्युत्तर येते : "बाहेरून येऊन आम्हाला शिकवतात." फूटभर बागेचे भांडण दोन भाषांचे होते, आणि मग ते कुठल्याच मोजणीने सुटत नाही.

खरे तर या शहराशी आपले नाते जुने आहे. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते. इथल्या शब्दांतही आपलेपण आहे. अण्णा, अक्का हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. आपली आजी त्यांची अज्जी होते. बोलायला जाल तेव्हा मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सुरुवात करा. व्याकरण चुकेल, पण दार उघडेल. या शहराचा एक लाडका मंत्र आहे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे थोडे सांभाळून घ्या. तो दुसऱ्याला ऐकवण्यासाठी सगळेच वापरतात. एकदा तो स्वतःला ऐकवून पाहावा.

आणि जाता जाता आपल्या फाटकाखालच्या उतारावरही एक नजर टाकावी. गाडी चढवायला केलेला तो सिमेंटचा उतार पदपथावर किती पुढे आला आहे? 'इथे गाडी लावू नये' म्हणून रस्त्यावर ठेवलेल्या कुंड्या कुणाच्या जागेत आहेत? घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपला नसतो. तिथून रोज चालत जाणारी कामवाली बाई, काठी टेकत जाणारे आजोबा हेही आपले शेजारीच. ते भांडायला येत नाहीत, एवढेच. दुसऱ्याच्या चाकाबद्दल बोलायला जाण्यापूर्वी आपली कुंडी मागे घेतली, तर आपल्या बोलण्याला बळ येते.

या आठवड्याचा अभ्यास

बेंगळुरूमध्ये केंपेगौडांच्या नावाचे चार मनोरे आहेत. एक लालबागेतल्या खडकावर आहे. शहर इथपर्यंतच वाढेल, अशी ती सीमा होती असे सांगतात. आज ते चारही मनोरे शहराच्या पोटात आले आहेत. पलीकडे कोसच्या कोस वस्ती आहे. कधी लालबागेत गेलात तर त्या मनोऱ्यापाशी दोन मिनिटे थांबा आणि आपल्या फूटभर कडेचा विचार करा.

मग या आठवड्यात एवढेच करा. ज्या शेजाऱ्यांबद्दल मनात काही साठले आहे, त्यांच्याकडे तक्रार न घेता एकदा जा. चहा घ्या, अज्जींशी बोला. दुसऱ्या भेटीत विषय काढा : "सकाळी साडेसातला मुलीला सोडायचे असते, तेव्हा वाट मोकळी लागते. आणि वळताना तुम्हाला बागेची अडचण होते, ती आपण सोडवू." तुमची मागणी आणि तुमचे देणे, दोन्ही एकाच दमात सांगा. ते काय म्हणतील हे आपल्या हाती नाही. पण घरी परतल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बसा आणि पाहा, मनावरचे ओझे किती उतरले आहे.